अर्ज पीएचडीचा, पत्र मास्टर्सचं

फेब्रुवारीतल्या एका रात्री पावणेदोनला फोन उजळला. अमेरिकेतल्या विद्यापीठाचा मेल होता आणि पहिलीच ओळ ‘अभिनंदन’. मी ताडकन उठून बसलो, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत पोचता पोचता परत आडवा झालो. अर्ज होता जलस्रोत अभियांत्रिकीतल्या पीएचडीचा. पत्र म्हणत होतं, यंदा डॉक्टरेटच्या जागा मोजक्या आहेत, तिथे घेता येत नाही. पण तुमचा अर्ज चांगला असल्यानं एम.एस.ला प्रवेश देत आहोत. सकाळी सांगलीला फोन करून बाबांना पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे पास की नापास?”

तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आज विचाराल तर सांगेन: पीएचडीला नापास, आणि त्याच पाकिटात एका वेगळ्याच मालाचं कोटेशन. तो माल चांगला असू शकतो, तुमच्या कामाचाही असू शकतो. पण तुम्ही तो मागितला नव्हता, त्यामुळे त्याचा भाव तुम्ही अजून विचारलेलाच नाही. तो कसा विचारायचा, एवढंच या लेखात आहे. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या मुलामुलींची अशी पत्रं माझ्याकडे येतात. त्यांना फोनवर जे सांगतो तेच इथे लिहितोय. बहुतेक पत्रं अमेरिकेतली असतात, म्हणून जोर तिथल्यावर आहे.

पहिलं काम: पत्र तीनदा वाचा, आणि घरच्यांना दुसऱ्या दिवशी सांगा

पहिल्या वाचनात फक्त ‘अभिनंदन’ दिसतं. दुसऱ्या वाचनात पदवीचं नाव बघा. एम.एस., एम.ए., एम.इंज. की आणखी काही? एम.इंज. म्हणजे ‘मास्टर ऑफ इंजिनीअरिंग’ बहुतेक ठिकाणी नोकरीकडे तोंड करून असते. प्रबंध नसतो, संशोधन जवळपास नसतं. पुढे पीएचडी करायचीच असेल तर प्रबंध असलेली एम.एस. आणि ही, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पत्रात ‘प्रबंधासह’ असं स्पष्ट नसेल तर ते आपोआप मिळेल असं धरू नका.

तिसऱ्या वाचनात पैसा शोधा. अमेरिकेतली पीएचडी साधारणपणे शुल्कमाफी आणि महिन्याचं विद्यावेतन घेऊन येते. त्या बदल्यात तुम्ही शिकवण्यात किंवा प्रयोगशाळेत आठवड्याला वीसेक तास देता. त्याला टीए-शिप, आरए-शिप म्हणतात. मास्टर्सच्या पत्रात हा परिच्छेद बहुधा नसतोच. ‘आर्थिक साहाय्यासाठी तुमचा विचार केला जाईल’ हे वाक्य असलं तर त्याचा आजचा अर्थ शून्य रुपये. ‘पहिल्या सत्रानंतर विभागात चौकशी करावी’ असं असेल तर त्याचाही तोच.

मग तारखा. उत्तर कधीपर्यंत द्यायचं, जागा धरून ठेवायला किती रक्कम भरायची आणि ती परत मिळते का. इथे एक गैरसमज हमखास होतो. अमेरिकेत ‘१५ एप्रिल’ ही तारीख सगळ्यांना पाठ असते. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा तो ठराव आहे आणि शेकडो विद्यापीठांनी तो मान्य केलाय: १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. पण तो ठराव आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावांसाठी आहे. तुमच्या पत्रात साहाय्यच नसेल तर ठरावाचं संरक्षणही नाही. विभाग मार्चमधली तारीख देऊ शकतो, आणि बरेच देतात.

आणि हो, डिसेंबरमधला तुमचा अर्ज उघडून बघा. शेवटच्या पानांवर एक चौकोन असतो: पीएचडीला निवड झाली नाही तर मास्टर्ससाठी विचार व्हावा का? रात्रीचे बारा वाजलेत, मुदत सकाळी संपतेय, शुल्काचं पान अडकलंय, अशा वेळी तो चौकोन आपण न वाचता टिकमार्क करतो. मीही केला होता. पत्र आल्यावर मात्र ‘त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असणार’ असं वाटायला लागतं. कदाचित त्यांना फक्त तो टिकमार्क दिसला असेल.

असं पत्र येतं कशामुळे

कारण कळलं तर पुढचा निर्णय सोपा होतो, आणि कारणं चारच-पाच आहेत.

सगळ्यात मोठं कारण पैसा. पीएचडीचा एक विद्यार्थी म्हणजे विभागाच्या किंवा प्राध्यापकाच्या अनुदानावर पाच-सहा वर्षांचा खर्च. त्यामुळे जागा गुणवत्तेपेक्षा आधी अनुदानानं ठरतात. २०२५च्या वसंतात अमेरिकी केंद्र सरकारच्या संशोधन अनुदानांवर कात्री चालली तेव्हा काही ठिकाणी दिलेले प्रवेशही मागे घेतले गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या यूमास चॅन वैद्यकीय विद्यापीठाचं उदाहरण तेव्हा गाजलं होतं. अशा वर्षी चांगल्या अर्जांनाही मास्टर्सकडे वळवलं जातं, आणि त्यात अर्जदाराची चूक शोधण्यात अर्थ नसतो.

मास्टर्सचा विद्यार्थी उलट बाजूनं पैसा आणतो. हे कुणी पत्रात लिहिणार नाही, पण शुल्क भरणारे मास्टर्सचे विद्यार्थी हे अनेक विभागांच्या अंदाजपत्रकातलं उत्पन्न असतं. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. दुकान चालवायला गिऱ्हाईक लागतं. आपण गिऱ्हाईक आहोत हे आपल्याला माहीत असावं, इतकंच.

दुसरी शक्यता तयारीची. अर्थशास्त्राच्या पीएचडीला अर्ज केलाय पण रिअल अॅनालिसिससारखा गणिताचा पेपर कधी घेतलेला नाही, किंवा बी.एस्सी. तीन वर्षांची आहे आणि त्यांना चार हवीत. किंवा विषय बदलून आलाय. इथे मास्टर्स खरोखर उपयोगी पडू शकते, कारण जी उणीव आहे ती वर्गात बसून भरून निघणारी आहे.

तिसरी शक्यता म्हणजे तुम्हाला घेणारा प्राध्यापकच नव्हता. ज्यांचं नाव अर्जासोबतच्या निवेदनात लिहिलं ते त्या वर्षी विद्यार्थी घेत नव्हते, किंवा निवृत्तीला आले होते. ही गोष्ट मास्टर्स करून सुटत नाही. ऑक्टोबरात चार मेल करून सुटते.

आणि काही ठिकाणी ती रीतच आहे. शिकागो विद्यापीठात समाजशास्त्रांची एक वर्षाची एम.ए. आहे, ‘मॅप्स’ या नावानं ओळखली जाते. मानव्यविद्यांसाठी तशीच ‘मॅफ’. तिथे पीएचडीला निवड न झालेल्या अर्जांचा या कार्यक्रमांसाठी विचार होतो. शिकागोचं असं पत्र आलं तर ते ना अपमानाचं, ना विशेष कौतुकाचं. त्यात शुल्कात किती टक्के सूट दिली आहे ते बघायचं. काहींना चांगली मिळते, काहींना काहीच नाही.

पत्र कुठल्या देशाचं आहे ते आधी बघा

एकच वाक्य पाच देशांत पाच अर्थांचं होतं, आणि इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो.

अमेरिकेत बी.ई., बी.टेक.नंतर थेट पीएचडीला घेतात, त्यामुळे मास्टर्सचं पत्र म्हणजे खालच्या, बहुधा स्वखर्चाच्या रांगेत उभं करणं.

कॅनडात चित्र वेगळं. विज्ञान-अभियांत्रिकीत आधी प्रबंधाची एम.एस्सी. किंवा एम.ए.एस्सी., मग पीएचडी, ही तिथली नेहमीची वाट आहे. प्रबंधाच्या मास्टर्सला सहसा पर्यवेक्षक ठरलेला असतो आणि विद्यावेतनही असतं. चांगलं काम केलं तर वर्ष-दीड वर्षात मास्टर्स पूर्ण न करताच पीएचडीत बदली करून घेता येते, त्याला ‘फास्ट ट्रॅक’ म्हणतात. त्यामुळे कॅनडाच्या प्राध्यापकानं ‘आधी मास्टर्सला ये’ म्हटलं आणि पैशाचा आकडा सोबत दिला, तर तोंड पाडून बसू नका. मी स्वतः पुढच्या वर्षी त्याच वाटेनं गेलो.

ब्रिटनमध्ये तपासायची गोष्ट म्हणजे तो शिकवणी-मास्टर्स (मुख्यतः वर्गात शिकण्याचा) आहे की संशोधन-मास्टर्स. काही विद्यापीठांत पीएचडीचे सगळेच विद्यार्थी सुरुवातीला एम.फिल.ला नोंदवले जातात आणि पहिल्या वर्षानंतर परीक्षण होऊन वर चढतात. ते पत्र म्हणजे नकार नव्हे. शिकवणी-एम.एस्सी.चं पत्र मात्र वेगळं. लग्न झालेल्यांनी इथे थांबून वाचा: १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांत जोडीदाराला आणि मुलांना सोबत नेता येतं ते पीएचडी आणि संशोधनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी, किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तर. शिकवणी-एम.एस्सी.ला नाही. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला हे विमानाची तिकिटं बघताना कळलं.

जर्मनीत पीएचडीसाठी सहसा मास्टर्स लागतेच, त्यामुळे बी.ई.वर अर्ज केला असेल तर ‘आधी मास्टर्स करा’ हे उत्तर अपेक्षितच. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. राहण्याखाण्याची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे असा दर सप्टेंबर २०२४ पासून होता. अर्ज करताना चालू आकडा बघून घ्या.

आणि भारतात? आयआयटी मद्राससारख्या ठिकाणी संशोधनाची एम.एस. आहे आणि पीएचडीच्या मुलाखतीला गेलेल्याला कधीकधी तीच देऊ केली जाते. पीएचडीचं विद्यावेतन पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, तर एम.एस., एम.टेक.चं १२,४००. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण खिशातून जात नाही, आणि एम.एस.मधून पीएचडीत बदलता येतं. अमेरिकेतल्या स्वखर्चाच्या पत्राशेजारी हे पत्र ठेवून बघा.

दुसरं काम: मेल लिहा, पण आभाराचा नव्हे

बहुतेक जण ‘तुमचे मनःपूर्वक आभार’ असं लांबलचक लिहितात आणि विचारायचं ते राहूनच जातं. मेल कोणाला? प्रवेश कार्यालयाला नको. विभागाच्या पदव्युत्तर समन्वयकाला आणि ‘डायरेक्टर ऑफ ग्रॅज्युएट स्टडीज’ला. ज्यांच्याकडे काम करायचं होतं त्या प्राध्यापकांना वेगळा, चार ओळींचा. पहिला मेल इंग्रजीत साधारण या आशयाचा असावा:

“पत्राबद्दल आभार. निर्णय घेण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. गेल्या तीन वर्षांत तुमच्या मास्टर्सच्या किती विद्यार्थ्यांनी तुमच्याच पीएचडीला अर्ज केला आणि त्यातले किती निवडले गेले? त्यासाठी नव्यानं पूर्ण अर्ज करावा लागतो की अंतर्गत बदलीची सोय आहे? पीएचडी मिळाल्यास मास्टर्सचे किती क्रेडिट धरले जातात? प्रबंधाचा पर्याय मला मिळेल का, आणि पर्यवेक्षक कधी ठरतो? मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना टीए किंवा आरए-शिप मिळते का, आणि मिळाल्यास शुल्क माफ होतं का? पीएचडीच्या प्रतीक्षायादीत माझं नाव आहे का?”

शेवटचा प्रश्न विसरू नका. काही विभागांत मास्टर्सचा प्रवेश देऊनही अर्जदाराला पीएचडीच्या यादीत खाली कुठेतरी ठेवलेलं असतं, आणि एप्रिलच्या मध्यावर वरचे लोक गळले की नंबर लागतो. मास्टर्स स्वीकारल्यावर ते नाव काढून टाकतात का, हेही त्याच ओळीत विचारा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं. ‘गेल्या वर्षी सात जणांनी अर्ज केला, तिघे आले’ असं कुणी सांगितलं तर तो विभाग आपल्या विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवतो. ‘आमचे विद्यार्थी देशातल्या उत्तमोत्तम विद्यापीठांत जातात’ असं आलं तर ते माहितीपत्रकातून उचललेलं आहे. मला उत्तर आलं होतं, ‘आम्ही अशी आकडेवारी ठेवत नाही.’ बाबा जिल्ह्याच्या गावी बँकेत तीस वर्षं कर्जखात्यावर होते. त्यांना ते वाक्य सांगितलं तर म्हणाले, “वसुली किती झाली ते माहीत नाही म्हणणाऱ्या शाखेला आम्ही पुढचा निधी देत नव्हतो.”

प्राध्यापकांच्या मेलमध्ये एकच सरळ प्रश्न: मी मास्टर्सला आलो तर माझा प्रबंध तुम्ही घ्याल का, आणि पुढच्या दोन वर्षांत पीएचडीचा विद्यार्थी घ्यायची शक्यता आहे का? उत्तर आलं नाही तर एका आठवड्यानं पुन्हा एकदा. दोनदा गप्प राहिले तर तेच उत्तर समजा.

त्यानंतर तिथे सध्या मास्टर्स करणाऱ्या दोघा-तिघांना गाठा. विभागाच्या संकेतस्थळावर नावं असतात, आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी सापडतंच. त्यांना ‘कसं आहे’ असं विचारू नका, ‘छान आहे’ म्हणतील. विचारा: शुल्क कोण भरतंय? प्राध्यापकांना शेवटचं कधी भेटलास? पीएचडीला अर्ज केलास का?

तिसरं काम: हिशेब कागदावर, रुपयांत

डॉलरमध्ये हिशेब केला की आकडे लहान दिसतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. वर्षाचं शुल्क ४०,००० डॉलर, राहणं-खाणं-विमा २०,०००. दोन वर्षांचे १,२०,००० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर १ कोटी २ लाख. त्यातले ५० लाख कर्ज काढलं, व्याज साडेदहा टक्के, फेड दहा वर्षांत, तर हप्ता महिना सुमारे ६७,५०० रुपये. शिकत असतानाचं व्याज मुदलात मिळवलं तर याहून जास्त.

आता याच्यावर पीएचडी ठेवून बघा. मास्टर्स संपून पीएचडी सुरू झाली की हातात विद्यावेतन येईल, पण ते जगण्यापुरतं. कर्जाची सवलत-मुदत, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीचा काळ, साधारणपणे अभ्यासक्रम अधिक सहा महिने किंवा वर्ष इतकी. पुढच्या शिक्षणासाठी मुदत वाढवून मिळते का, हे मंजुरीपत्रावर सही करण्याआधी शाखेत विचारा आणि लेखी घ्या. नाहीतर पीएचडीच्या पाच वर्षांत हप्ते आईवडिलांच्या पेन्शनमधून जातात. नोकरीसाठी मास्टर्स करणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. तो पगारातून फेडतो. तुम्ही पीएचडीला जायचं म्हणताय, म्हणून हे कर्ज तुम्हाला दुप्पट जड.

तारणाबद्दल गावाकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट. “आपली पाच एकर आहे की” असं घरात कुणीतरी म्हणतंच. शेतजमिनीवर परदेशी शिक्षणाचं मोठं कर्ज द्यायला बँका सहसा तयार नसतात, कारण थकबाकी झाल्यास तारण विकायचा जो सरफेसी कायदा आहे, त्याच्या कलम ३१नं शेतजमीन त्यातून वगळली आहे. सात-बारा घेऊन चार हेलपाटे मारण्यापेक्षा आधी एन.ए. (बिगरशेती) प्लॉट, घर किंवा फ्लॅटचे कागद आहेत का ते बघा. विनातारण कर्ज खासगी वित्तसंस्था देतात, व्याज चढं असतं.

पैसे पाठवताना: १ एप्रिल २०२५ पासून शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) कापला जात नाही, स्वतःच्या खिशातून पाठवत असाल तर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत नाही, त्यापुढच्या रकमेवर कापतात. तो विवरणपत्रात वळता होतो, पण वर्षभर अडकतो.

शिष्यवृत्तीचं गणित पत्रासोबत बदलतं, हे लक्षात घ्या. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती (अनुसूचित जाती व नवबौद्ध), केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, या योजनांत पदव्युत्तर आणि पीएचडी हे वेगळे गट आहेत. अर्ज पीएचडीच्या गटात भरून बसला असाल तर मास्टर्सचं पत्र त्याला जोडता येईल असं गृहीत धरू नका. मुंबईची जे. एन. टाटा एण्डोमेंट ही १८९२ पासूनची संस्था कर्ज-शिष्यवृत्ती देते. तिच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीच्या असतात, म्हणजे पत्र हातात येईपर्यंत मुदत संपत आलेली असते. आणि ज्यांची इथे एम.एस्सी., एम.टेक. झालेली आहे त्यांनी जाहिरातीतली ‘आधीची पदव्युत्तर पदवी’ ही ओळ शोधावी. त्याच पातळीच्या दुसऱ्या पदवीला पैसे देताना बहुतेक संस्था हात आखडता घेतात.

कॅलेंडरचा सापळा

या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल, कारण हे कुणी सांगत नाही.

एक वर्षाची मास्टर्स सप्टेंबरात सुरू होते. पीएचडीच्या अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे मध्ये तीन महिने. शिफारसपत्र मागायला ज्या प्राध्यापकांकडे जाल त्यांनी तुम्हाला दहा आठवडे वर्गात पाहिलंय, एकही अंतिम गुण लागलेला नाही, प्रबंधाचा विषयही ठरलेला नाही. थोडक्यात, तुम्ही गेल्या वर्षीचाच अर्ज नव्या पत्त्यावरून पाठवत असता. म्हणून एकवर्षीय मास्टर्स केलेले शहाणे लोक त्या डिसेंबरात अर्ज करत नाहीत. पदवी घेऊन एक वर्ष कुठेतरी संशोधन साहाय्यक म्हणून काम करतात आणि पुढच्या डिसेंबरात करतात. हे चालतं, पण मग तुमची ‘एक वर्षाची’ वाट दोन वर्षांची झाली, आणि त्या मधल्या वर्षाचा व्हिसा, पगार, घरभाडं यांची सोय आधी बघायला हवी.

दोन वर्षांच्या मास्टर्सला दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात अर्ज करता येतो. हातात दोन सत्रांचे गुण, एका उन्हाळ्याचं काम, वर्षभर ओळखणारा पर्यवेक्षक. अर्ज खरोखर वेगळा दिसतो. खर्च दुप्पट, पण पीएचडीच्या दृष्टीनं उपयोग दुपटीपेक्षा जास्त.

नाशिकची एक मुलगी दोन वर्षांच्या मास्टर्सला गेली. पहिल्या सत्रात तिनं विषय तीनच घेतले, पण एका प्राध्यापिकेच्या प्रयोगशाळेत बिनपगारी का होईना, जायला लागली. शनिवारी उपकरणं धुवायची, नोंदवही भरायची. जानेवारीत तिथला एक आरए सोडून गेला आणि ती जागा तिला मिळाली; उरलेल्या तीन सत्रांचं शुल्क वाचलं. ती आता तिथेच पीएचडी करते. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा समोरचा लगेच म्हणतो, “मग मीही असंच करेन.” तिच्याच वर्गातल्या इतरांनीही हेच ठरवलं होतं. जागा एकच सुटली.

व्हिसाचं थोडक्यात

अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देतं, त्यावर पदवीची पातळी आणि पैशाचा स्रोत छापलेला असतो. पीएचडीच्या आय-२० वर विद्यापीठाचाच पैसा दिसतो. मास्टर्सच्या आय-२० वर तुमचा आणि बँकेचा, तोही किमान पहिल्या वर्षाचा पूर्ण दाखवावा लागतो. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतल्या मुलाखतीत ‘पीएचडीला अर्ज केला होता ना, मग मास्टर्स का?’ असं विचारू शकतात. खरं ते दोन वाक्यांत सांगा. कथा रचू नका.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातच, आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. तेवढ्यात जेवणखाण निघेल, शुल्क निघणार नाही. पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे त्याच व्हिसावर तिथे काम करायची परवानगी, आजच्या नियमांनुसार प्रत्येक वरच्या पातळीला बारा महिने, विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना आणखी चोवीस. म्हणजे मास्टर्सनंतर वापरली तरी पीएचडीनंतर नवी मिळते. हे नियम बदलण्याची चर्चा सारखी चालू असते. फक्त त्यांच्या भरवशावर पन्नास लाख काढू नका.

घ्यावं की सोडावं

माझं मत विचाराल तर असं आहे. शुल्क माफ असेल किंवा बहुतांश माफ असेल, प्रबंध असेल, आणि एखाद्या प्राध्यापकानं ‘ये, मी घेतो’ असं लेखी म्हटलं असेल, तर बिनदिक्कत घ्या. तयारीतली ठरावीक उणीव भरून काढायची असेल आणि कर्ज घराच्या आवाक्यात असेल, तर विचार करा. यातलं काहीच नसेल, फक्त विद्यापीठाचं नाव मोठं असेल, तर सोडा. दुसरीकडे, नाव जरा कमी असलेल्या विद्यापीठाची पैशासकट पीएचडी हातात असेल तर तुलनेचा प्रश्नच नाही. नातेवाइकांनी त्या गावाचं नाव ऐकलं नसेल, ऐकतील.

‘पीएचडीला प्रवेश घेऊ आणि दोन वर्षांनी मास्टर्स घेऊन बाहेर पडू’ असा उलटा सल्लाही फिरतो. कुणाला खरंच बाहेर पडावं लागलं तर ती सोय आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण आधीच ठरवून जाणारा दुसऱ्याची जागा आणि प्राध्यापकाचं अनुदान घेऊन जातो, आणि पुढच्या वर्षी त्याच कॉलेजच्या अर्जांकडे तो विभाग संशयानं बघतो. आपल्या ज्युनियरांचा तरी विचार करा.

प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायचा असेल तर ‘डिफरल’ मागता येतं, पण शुल्कातली सूट पुढच्या वर्षी टिकेल का ते वेगळं विचारावं लागतं. दोन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये विचारा. मंजुरीही एकाच मेलमध्ये यायला हवी.

नाही म्हणायचं ठरलं तर पोर्टलवर ‘डिक्लाइन’ दाबून गप्प बसू नका. समन्वयकाला तीन ओळी लिहा: प्रस्तावाबद्दल आभार, आर्थिक साहाय्याशिवाय येणं शक्य नाही, पुढच्या वर्षी पीएचडीला पुन्हा अर्ज करण्याचा विचार आहे; माझ्या अर्जात काय कमी पडलं ते सांगता आलं तर मदत होईल. बऱ्याच जणांना काहीच उत्तर येत नाही. मला नवव्या दिवशी एका ओळीचं आलं: ‘निवेदनात तुम्ही धरणांबद्दल लिहिलंय, आमच्याकडे धरणांवर काम करणारं आता कुणी नाही.’ मी ते निवेदन सहा विद्यापीठांना पाठवलं होतं. त्या रात्री सहाही विभागांची प्राध्यापकांची पानं उघडली. दोन ठिकाणी नदीतल्या गाळावर काम चाललं होतं, एकीकडे भूजलावर. धरणांवर कुठेच कुणी नव्हतं.